रिकामी ताटली

बाई, ती रिकामी ताटली तुम्हीच उघडली होती. हे मला तुम्ही असताना विचारायचं होतं. तुम्ही गेलात त्यालाही आता बराच काळ लोटला, तरी दर नवरात्रात माझं डोकं तिथंच जाऊन अडकतं. शंका घ्यायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा तुमच्यावर घेतली म्हणून रागावू नका. विज्ञानाच्या तासाला पहिलं वाक्य तुमचं हेच असायचं, की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातांवर तर मुळीच नाही. आज मी शिरूर कासारच्या शाळेत नववीला तेच वाक्य सांगते. मुली माना डोलावतात, आणि त्यांना खरंच पटलं का, याचीही मला शंका येते.

आपल्या प्रयोगशाळेत होतं काय? पत्र्याची खोली, एक लाकडी कपाट, स्पिरिटचा दिवा आणि तुमचा जुना कुकर, ज्यात पुन्हा कधी वरण शिजवायचं नाही असं तुम्ही घरच्यांना बजावून ठेवलं होतं. बटाटे उकडलेल्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून ते आपण कुकरमध्ये शिजवायचो, म्हणजे काचेच्या ताटल्यांत ओतलं की त्याची जेली व्हायची आणि तिच्यावर जिवाणू वाढायचे. ओतताना खिडकी बंद आणि बोलणं बंद, कारण तोंडातून थुंकी उडते. ताटलीचं झाकण दिव्याशेजारीच उचलायचं, तेही फटीएवढं. झालं की चिकटपट्टी लावून ताटली पालथी ठेवायची. एकदा जिवाणू वाढले की झाकण उघडायचं नाही, काचेतूनच बघायचं आणि बघून झालं की सगळं परत कुकरमध्ये. एका मुलीनं वास घ्यायला नाक जवळ नेलं होतं, तेव्हा तुम्ही तिच्या हातावर पट्टी मारली होती. आणि दर वेळी एक ताटली रिकामी. तिला कुणी बोट लावायचं नाही, तिच्यात काही घालायचं नाही. शेवटी सगळ्यांत आधी तिच्याकडे बघायचं. तिच्यात काही उगवलं असेल, तर बाकीच्या ताटल्या काहीही बोलोत, त्यांचं ऐकायचं नाही.

त्या वर्षीचा प्रयोग माझा होता. आमच्याकडे सगळे राखेनं हात धुवायचे आणि तुम्ही साबणाचा आग्रह धरायचात, म्हणून मी विचारलं होतं की राखेनं खरंच हात स्वच्छ होतात का. तुम्ही म्हणालात, मला विचारू नको, ताटलीला विचार. मग एका ताटलीत न धुतलेला अंगठा टेकवला, एकीत नुसत्या पाण्यानं धुतलेला, एकीत राखेनं, एकीत साबणानं, आणि एक रिकामी. अंबाजोगाईच्या विज्ञान प्रदर्शनाला तो प्रयोग पाठवायचा होता. घरात या प्रदर्शनाला वेगळाच अर्थ होता. दसरा झाला की माझे आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघायचे, आणि त्या वर्षी मलाही न्यायचं ठरलं होतं. माझे वडील, दादा, म्हणाले होते, "अंबाजोगाईला निवड झाली तर ऱ्हा आत्याकडं. न्हाई तर चल. धाकट्याला बघाया अन् भाकरी थापाया कुणी तरी पायजेच की." बाकीच्यांसाठी त्या काचेच्या ताटल्या होत्या. माझं पुढचं सगळं वर्ष त्यांत पालथं पडलं होतं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर आपण कपाट उघडलं. ट्रे मी धरला होता. रिकाम्या ताटलीत मधोमध पांढरी बुरशी, कापसासारखी. तुम्ही एरवी पुस्तकातल्यासारखं बोलायचात, पण त्या दिवशी तुमच्या तोंडातून माहेरची सिरसाळ्याची बोली निघाली. "कावून उघडलीस गं? लई घाई झाली व्हती का तुला?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. कपाटाची चावी तुमच्या कमरेला असायची आणि तुमच्याशिवाय ती मिळायची फक्त मला, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "म्या न्हाई उघडली, बाई." तुम्ही ताटली उजेडाकडे धरली. बुरशीच्या खाली, अगदी मधे, तांबूस डाग होता, एका बोटाएवढा. तो मला दिसला. तुम्हालाही दिसला, कारण तुम्ही त्याच क्षणी बोलायच्या थांबलात. एरवी वर्गाला दाखवल्याशिवाय तुम्ही एकही ताटली कुकरमध्ये टाकत नसा. त्या दिवशी कुणालाही न दाखवता सगळ्या टाकल्यात, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिलात.

प्रयोग बाद झाला. मी उसाच्या फडावर गेले, भावाला काखेत मारून भाकरी थापल्या, आणि पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बसून रोज त्या तांबूस डागाचा विचार केला. मी उघडली नव्हती. मग उरलं कोण? पण ज्या बाई नाकावरची माशी उडवायच्या आधीसुद्धा हात धुतात, त्यांच्यावर शंका घ्यायची कशी?

हंगाम संपून आम्ही परतलो, तशा तुम्ही स्वतः आमच्या घरी आलात. दादांना म्हणालात, "पुढच्या साली पोरगी माझ्याकडं राहील. तिचं शिकणं मोडू नका." तुम्ही गेल्यावर दादा म्हणाले, "बाईला घरकामाला पोरगी पायजे आसंल." गावानं तुमचं कौतुक केलं, दादांनी संशय घेतला, आणि माझा संशय दोघांपेक्षा वेगळा होता. जिच्यावर ताटली उघडल्याचा आळ घेतला, तिलाच घरी आणून कोण ठेवतं? पण तुम्ही मला कधी भांडं घासू दिलं नाहीत. दादा चुकले होते.

मग तुमच्या घरची खंडेनवमी आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची अवजारांची पूजा. स्वयंपाकघरात पाट मांडून तुम्ही विळी, शिलाई मशीन, कुकर आणि माहेरून आणलेली तागडी ओळीनं ठेवलीत. कपाळावर विभूतीची बोटं होती. आमच्याकडे कोयत्याच्या मुठीला कुंकू लावतात. तुम्ही मात्र तागडीच्या पारड्यात, आत, मधोमध बोट टेकवलंत. कुकरचं झाकण काढून तळाला लावलंत. मशीनची पट्टी सरकवून आत, जिथं दोरा फिरतो तिथं. मी विचारलं, "आत कावून, बाई?" तुम्ही सहज बोलून गेलात, "जिथं काम होतं तिथं लावायचं. आमचे अण्णा दुकानात पारड्यातच लावायचे." आणि मग तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, पुरण बघायला म्हणून उठलात, आणि पुरण तर केव्हाच उतरवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमची तारेची कडी दिलीत, लाकडी मुठीची, जी दिव्यावर लाल करून आपण ताटलीत दह्याचा नाही तर पाण्याचा थेंब ओढायचो. "ही तुझी," एवढंच म्हणालात. खाई त्याला खवखवे, बाई. तेव्हा माझी खात्री पटली.

एक गोष्ट मात्र मला पुढं कित्येक वर्षं उमगली नव्हती. ताटल्या पाच होत्या, मग नेमकी रिकामीच का? स्वतः शिकवायला लागल्यावर समजलं. वाढत्या ताटल्या उघडायच्या नाहीत, हा तुमचाच नियम. तो तुम्ही मोडला नसता. पण माझ्या प्रयोगाला देवाचं बोट लागल्याशिवाय तुमचा जीवही राहिला नसता. मग तुम्ही काय केलं असेल? जिच्यात काहीच नाही, ती उघडली तर काय बिघडतं, असं म्हणाल्या असाल. सगळ्या जगावर शंका घेणारी बाई, आणि एका कुंकवावर तिनं शंका घेतली नाही. माझं एक वर्ष त्या बोटानं गेलं. मला तुमचा राग आला होता, अजूनही अधूनमधून येतो. तो राग किती धरावा आणि किती सोडावा, हे मला कधी ठरवता आलं नाही, कारण ते बोट माझ्यासाठीच होतं.

आता तुमच्या घरच्या पत्त्यावर हे पत्र पाठवलं तर तुमचे यजमान, आमचे सर, वाचतील. तुमच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना अजूनही चालत नाही. म्हणून हे माझ्यापाशीच राहील.

या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा प्रयोग कपाटात आहे. शाळेच्या टाकीचं पाणी, उकळलेलं पाणी, आणि एक रिकामी. तिचे आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघणार आहेत, आणि तिच्या बापानं तिला काय सांगितलं असेल ते मी न विचारता ओळखलं. आज शाळेत खंडेनवमीची पूजा झाली. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार घातला. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, ताटल्यास्नी बी लावू का कुंकू?" मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी दोन पावलं मागे सरली. चावी कमरेला खोचली, सगळ्यांना घरी घालवलं.

मग मी परत आले, बाई. कपाट उघडलं. ती रिकामी ताटली हातात घेतली आणि माझ्या बोटावर कुंकू होतं. ते केव्हा घेतलं, मला आठवत नाही. चिकटपट्टीचं टोक मी नखानं थोडं उचललंही होतं. मग ते दाबून परत बसवलं, ताटली पालथी ठेवली, आणि ते बोट कपाटाच्या दाराला बाहेरून पुसलं.