कलम सात

३ ऑगस्ट
धाकट्या भावाच्या स्वादुपिंडातली गाठ कर्करोगाचीच. चौदा तारखेला ऑपरेशन. भावजय खुर्चीवर नुसती बसून. आणि हा सर्जनला विचारतो, "महिन्याभरात कामावर जाईन ना?" तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. "लिफ्टच्या आत उभे राहा, वर चढू नका," सर्जन म्हणाले.

६ ऑगस्ट
प्रयोगशाळेतली बाई आली. हातात झाकणाची डबी आणि संमतीपत्राची बारा पानं. ऑपरेशनआधी आतड्यात कोणते जंतू आहेत ते तपासायचं. मग कोणाला जंतुसंसर्ग होतो, कोण लवकर घरी जातं, ते ताडून पाहायचं. मी पानं वाचायला घेतली. धाकटा वैतागला. "ताई, ते शी मागतायत, मत नाही मागत. दे ते पेन."

खरं तर वाचायची गरज नव्हती. कलम सात माझंच आहे. इथल्या नैतिकता समितीवर बाहेरची सभासद म्हणून मीच ते घालायला लावलं – रुग्ण हयात असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या सहीशिवाय निकाल कोणालाही सांगायचा नाही. डॉक्टरला नाही, नातेवाइकाला नाही. एका हमालाचा अहवाल त्याच्याआधी मुकादमाला कळला होता आणि त्याचं काम गेलं होतं. दोन तास बोलले होते मी त्या दिवशी. एकानंही विरोधात हात वर केला नाही.

९ ऑगस्ट
डबी दिली एकदाची. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं. "तुझं एखादं भाषण ऐकव, लगेच होईल," म्हणतो गाढव.

१४ ऑगस्ट
सात तास. गाठ निघाली.

१७ ऑगस्ट
बसला. दोन चमचे पाणी प्यायला. भावजयीनं दाढी करून दिली.

१९ ऑगस्ट
ताप. आतड्याचा शिवलेला जोड गळतोय. नेहमीचं अँटिबायोटिक सुरू केलंय. दुपारनंतर बोलणं भरकटलं. मला मिस्त्री समजून पाना मागत होता.

२० ऑगस्ट
शुद्ध नाही. रक्ताच्या तपासणीला दोन दिवस लागणार. सर्जन जाता जाता बोलून गेले – खाली प्रयोगशाळेत त्याच्या जंतूंचा निकाल पडलाय, तो बघता आला असता तर औषध आजच नेमकं निवडलं असतं. "पण नियम आहे." कोणाचा, ते त्यांना ठाऊक नाही.

खाली गेले. "त्यांची सही आणा," बाई म्हणाली. तो सही कशी करणार? समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "अपवाद ठेवायचा नाही, हा हट्ट तुमचाच होता, ताई."

मग बोलले. अर्धा तास. सभेत कधी बोलले नसेन असं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कपाट उघडलं नाही. "आज तुम्हाला दिलं तर उद्या मुकादमाला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" बरोबर होतं तिचं. बरोबर आहे म्हणून राग आला.

वर आल्यावर भावजयीनं विचारलं, कुठे होतात? चहाला, म्हटलं. आयुष्यभर खरं बोला म्हणून लोकांना सांगितलं.

२२ ऑगस्ट
रक्ताचा अहवाल आला. सापडलेल्या जंतूवर तीन दिवस चाललेलं औषध लागूच पडत नाही. दुसरं सुरू केलं.

२३ ऑगस्ट
मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. हात गार.

२४ ऑगस्ट
धाकटा सकाळी साडेदहाला गेला.

२९ ऑगस्ट
काही लिहवत नाही. कलम तसंच ठेवायचं की बदलायचं, दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडून झालं. दोन्ही बाजू मीच जिंकते.

३० ऑगस्ट
प्रयोगशाळेतल्या बाईचा फोन. रुग्ण गेल्यावर निकाल जवळच्या माणसाला सांगता येतो. कलमात तेही आहे. "सांगू का, ताई?" जवळचं माणूस भावजय. ती त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. फोन तिच्या हातात दिला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तोच जंतू होता म्हणे. ऑपरेशनच्या आधीपासून माहीत होतं त्यांना. ताई, असले नियम करतं तरी कोण?"

मी, म्हटलं.