ताईचे जंतू, ढब्बूचं पोट

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्यायलो एकदाचे तुझ्या प्रयोगशाळेतले जंतू! चव खडूच्या पाण्याची. रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूचा तुकडा अंगावर मिरवत ते माझ्या आतड्यात हिंडताहेत आणि माझ्या शरीराला शत्रूची ओळख करून देताहेत, या कल्पनेनंच मी दिवसभर हसतोय. तुझी भावजय म्हणते, घरात आता आपण दोघंच नाही.

थट्टा पुरे. इंजेक्शनची लस मला दोनदा देऊनही लागू पडली नाही आणि डायलिसिसच्या वॉर्डात नर्सच्या अंगावर कुणाचं रक्त कधी उडेल, नेम नसतो. तुझी ही पिण्याची लससुद्धा फुकट गेली तर मेट्रनबाई मला सामानाच्या खोलीत बसवणार. माझे पेशंट सोडून मी चादरींच्या घड्या घालू?

माया आहेच, थोडी जंतूंवरही कर.
तुझा ढब्बू

२८ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. अक्कलदाढ ठणकली, बायको दातांची डॉक्टर, म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या निमूट गिळल्यास? अरे, मी लाडानं वाढवलेले जंतू घरच्याच माणसांनी गारद केले! लसीसोबत दिलेल्या कार्डावर या गोळ्यांना मनाई ठळक छापली होती. ताईनं लिहिलंय म्हणजे नेहमीची कटकट असणार म्हणून वाचलं नाही, हे कारण तूच देऊ जाणे.

रागावलेय, पण काळजीही वाटतेय. मरण्याआधी त्यांनी काम उरकलं असेल का, मलाही ठाऊक नाही. ठरल्या दिवशी रक्त देऊन ये. भावजयीला सांग, तिच्यावर राग नाही. सगळा तुझ्या वाट्याला ठेवलाय.

तब्येत सांभाळ, लोभ असू दे.
तुझी ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लागू पडली! ताई, लागू पडली! अँटिबॉडी भरपूर!

रिपोर्ट वॉर्डातच हातात पडला आणि मी असा ओरडलो की मेट्रनबाई धावत आल्या. डायलिसिसला आलेल्या मास्तरांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, शाळेत त्यांचंही या जंतूंसारखंच व्हायचं, बदली होऊन जायचे, पण तोवर पोरं शिकलेली असायची. सगळा वॉर्ड खो खो हसला.

मग हसू ओसरल्यावर मास्तर हळूच म्हणाले की माझ्या जागी नवा माणूस सुई टोचणार या धास्तीनं त्यांना कित्येक दिवस झोप नव्हती. आणि त्यांनी बाही वर करून हात माझ्यापुढे धरला. मला रडूच फुटलं गं. डोळे पुसले, हातमोजे घातले, आणि सुई पहिल्या खेपेला बरोबर बसली.

अशीच रागावत राहा.
तुझा ढब्बू