ग्रहणाचा खड्डा

उंब्रज, सन १९६७

आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवून सुनेचा नमस्कार.

गिराणात आपल्या पांगळ्या शेवंतीला कमरेइतकं मातीत पुरलं की तिचे पाय सुटतील, म्हणून तुमी अंगणात खड्डा काढलासा. मी भांडले आन पोरीला सांगलीला नेलं. तुमी रागानं धाकट्या भावजींकडं कवठे महांकाळला गेलासा.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय धड आहेत. जन्मताना मेंदूला इजा झाली, म्हणून पायांना निरोप नीट पोचत नाही. ही बाहेरची बाधा नाही, पण औषधानं जाणारही नाही. रोज पाय ताणायचे, कमरेला आधार देऊन उभं करायचं."

आधार कशाचा द्यायचा? घरी आले, तर तुमचा खड्डा समोरच. शेवंतीला त्यात उतरवलं, भवतीनं वाळू भरली. आत्याबाई, आपली पोर उभी ऱ्हायली! हात मोकळे झाले म्हणून टाळ्या वाजवाय लागली. आता रोज उभी करते, गिराणाची वाट बगत न्हाई.

हे पत्र धाडणार न्हाई. तुमी दुसऱ्याकडनं वाचून घ्याल, आन आपलं भांडण गावभर हुईल. मीच न्यायला येते. पोर लय वाढलीया, खड्डा उथळ पडतोय. तुमच्यावानी खणायला मला जमत न्हाई.

तुमचीच भांडकुदळ,
हौसा