शेगडा एवारिस्तोला द्यावा की नाही

मी, एर्मिन्दा पाइनेफिलू, वय एकोणऐंशी, धंदा ट्राउट मासे पकडायच्या गळांवर लोकर-तारेच्या नकली माश्या बांधणे, राहणार गोबेर्नादोर ग्रेगोरेस, सांता क्रूस प्रांत, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचं माते, म्हणजे आमचा कडू चहा, पिऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. माझा मुलगा इलारिओ याला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचं तपासून घ्यावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक इलारिओला. वारा दर वसंतात छप्पर उचलू बघतो, ते त्याचं त्याने निस्तरावं. कुत्री घराबरोबर जाईल. तिला बाहेर बांधायचं नाही.

२. माझा शेगडा, म्हणजे माशी बांधताना गळ घट्ट धरणारं अवजार, ग्वानाकोची करडी लोकर, तांब्याची तार आणि नकली माशीच्या पाठीवरच्या कवचासाठी दुधाच्या पिशव्यांचे कापलेले पट्टे, हे सगळं इलारिओच्या हाती गेलं तर भंगारात जाईल. यातलं कळणारा गावात एकच माणूस आहे, शेजारचा एवारिस्तो बार्रिया. त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे.

३. कारणही नोंदवते. आमच्या तळ्यातले ट्राउट स्कड खाऊन माजतात. स्कड म्हणजे गोड्या पाण्यातला जवळाच म्हणा. मी त्याची नक्कल सरळ आणि करडी बांधते, एवारिस्तो वाकडी आणि नारिंगी. एकदा त्याने गळांच्या दुकानात, मासेमारीला नेणाऱ्या वाटाड्यांसमोर, ट्राउटचं पोट चिरून दाखवलं.

"बघ, सगळे वाकडे, सगळे नारिंगी. तुझा स्कड काय पट्टी गिळून आलाय?"

मी म्हणाले, "मेल्यावर सगळेच वाकतात आणि रंग बदलतात. पोहताना बघितलायस कधी? का आयुष्यभर मयतंच बघत बसलास?"

लोक पोट धरून हसले. तेव्हापासून तो कुंपणाशी येत नाही. मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नसेल तरी खोडू नये.

४. सबब शेगडा व सामान एवारिस्तोला. अट एकच: त्याने तळ्याकाठी पालथं पडून जिवंत स्कड पोहताना पाहावा आणि एक तरी माशी सरळ बांधावी.

५. दुरुस्ती, त्याच दिवशी. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून नोटरी बास्तीदाबाईंनी मला न विचारता कुंपणावरून एवारिस्तोलाच हाक मारली. तो आला. बाई म्हणाल्या, "ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही. काय ते ठरवा."

त्याने कलम चार सावकाश वाचलं.

"शेगड्यासाठी तू मरायची वाट बघत बसू?" तो म्हणाला. "मला नको. बाई, मला साक्षीदार घाला."

"आणि अट?" मी विचारलं.

"पडेन की पालथा. पण या वयात मला उठवणार कोण? रविवारी तू चल बरोबर."

सबब कलम चार रद्द. शेगडा सध्या कोणालाच देणे नाही, तो वापरात आहे.

वरील मजकूर वाचून, ऐकून, मान्य करून सही:
एर्मिन्दा पाइनेफिलू

साक्षीदार:
१. ओफेलिया सान्ताना, पाववाली
२. एवारिस्तो बार्रिया, शेजारी

गोबेर्नादोर ग्रेगोरेस, १४ नोव्हेंबर २०१९