ओल्या सागाची फळी

सिंदेवाही,
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय चंदे,

परवा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, तुझी एक्केचाळीस वर्षांची बहीण आखाड्याच्या मातीत हातांवर उभी राहिली. पाय आभाळात, लुगड्याचा कासोटा घट्ट, नाकात माती. हसू नकोस. किंवा हसच, मीही कालपासून एकटीच हसते आहे.

श्रावणात तू विचारलं होतंस, लेकीला, कलीला, माझ्याकडे शिकायला पाठवू का. अट एकच, तिला आखाड्याकडे फिरकू द्यायचं नाही. मी उत्तर दिलं नाही. अट मान्य करवत नव्हती, आणि तुझ्याशी वाद घालायचं तोंड मला नव्हतं. आज उत्तर देते, पण आधी सगळं ऐक.

तीन वर्षांपूर्वी इथल्या व्यायामशाळेच्या सभेत मी तासभर बोलले. जी बाई गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून धानाचा रोवणा करते, डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चालते, तिच्या मुलीला तुम्ही नाजूक कोणत्या तोंडाने म्हणता? टाळ्या पडल्या. अध्यक्ष गुणवंतराव पान चघळत उठले. "मास्तरीणबाई, बोलता तर लई जोरात. आमचे पोट्टे हातावर उभे राह्यतात. तुमी राहून दाखवा, वीस मोजेपर्यंत. त्याच दिवशी पोरींले आखाडा खुला!" सभा हसली. मी म्हटलं, पुढच्या मंडईला दाखवीन.

पुढच्या मंडईला जमलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. दोन्ही वर्षं गुणवंतरावांनी भर बाजारात हाक मारून विचारलं, "काऊन बाई, अजून सुलटेच?"

मला शिकवत होते नथ्थू वस्ताद. दिवसा लाकडाच्या डेपोत आरा, ती मोठी करवत, ओढतात, सकाळी आखाडा बघतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, सभा एका दिवसात जिंकता येते. मनगट नाई." पहिला हिवाळाभर त्यांनी माझे पाय जमिनीवरून उचलूच दिले नाहीत. रांगणाऱ्या मुलासारखं व्हायचं आणि भार हळूहळू तळव्यांवर घ्यायचा, एवढंच. मग टोपलीभर धानात हात खुपसून मुठी आवळायच्या. तिसऱ्या महिन्यात माझा धीर सुटला. ते बघत नाहीत असं पाहून मी पाय झोकून दिले आणि खांद्यावर आपटले. ते रागावले नाहीत. डेपोत नेऊन एक फळी हातात दिली, पिळवटलेली, वाकडी. "साग ओला असताना घाईनं चिरला, की असं होते. मंग कितीबी रंधा मारा." ती फळी मी बराच वेळ हातात धरून उभी होते. का, ते पुढे सांगते.

दुसऱ्या वर्षी भिंत आली. पोट भिंतीकडे, पावलं एकेक वर सरकवत न्यायची. सरपण विकायला येणारी बुधरी माझे घोटे धरायची. "बाई, तुमचे पाय लय भाषण देऊन राह्यले. त्यायले गप करा ना." असं म्हणून ती खिदळायची, पण तिची मुलगी रोज आखाड्याच्या कुडाबाहेरून बघत असे, म्हणून तिचे हात कधी ढिले पडले नाहीत. तिसऱ्या वर्षी भिंत सुटली. आधी दोन मोजेपर्यंत, मग पाच, मग पावसाळाभर सातावरच अडकले.

परवा मोजायला गुणवंतराव स्वतः उभे राहिले, आणि काय सावकाश मोजले! अकराला पान थुंकून आले. दंड थरथरत होते, पण पाय गप्प होते. वीस झाले. मी उतरले नाही. तीसला उतरले. काल सोमवारपासून सकाळचा आखाडा मुलींचा आहे. अकरा जणी आल्या आहेत, सगळ्यांत पुढे बुधरीची मुलगी.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. आपल्या खळ्यावर मी तुला हातांवर उभं करत होते, त्या दिवशी तू नको नको म्हणत होतीस. नऊ वर्षांची होतीस. मी कुठल्याशा मासिकातलं वाचून पेटले होते. मनात आणलं की अंग ऐकतंच, असं ओरडत मी तुझे पाय वर उचलले आणि सोडून दिले. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तीच माकडचाळे करत होती. मोडलेला हात पोटाशी धरून तू त्यांची बोलणी ऐकलीस आणि माझं नाव घेतलं नाहीस. बाबा गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. गावोगावी सभा गाजवणारी मी, एवढं एक वाक्य सत्तावीस वर्षं बोलले नाही. चंदे, तुझा हात मी मोडला, आणि मनगट वाकडंच जुळलं, त्या फळीसारखं. म्हणून, तुझी अट मला मान्य नसली तरी, पाठवायचं की नाही ते तूच ठरव. पाठवलीस, तर वर्षभर कलीचे पाय जमिनीवरून उचलू देणार नाही, हा माझा शब्द. आणि तिला सोडायला तू स्वतः ये. वस्तादांना मी तुझ्या मनगटाचं विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, वाकडं मनगटबी भार घेते, बाई, फक्त जास्त वर्षं लागतात. आपल्याकडे वर्षं आहेत.

तुझीच, भिंतीपाशी वाट बघणारी,
सुगंधाताई