चैत्रातल्या गारा

धारवाड,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

प्रिय कुसुमावती,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. ट्रेनिंग कॉलेजात एका ताटात जेवलो, म्हणून हात तसा वळला. आता तू हेडबाई आणि मी बिगरीची मास्तरीण. तुझ्या खोलीत येऊन बोलले तर तू चष्मा पुसत बसशील, म्हणून पत्रच.

माझी अळणावरला बदली झाली ती तुझ्याच शिफारशीनं, हे मला शिपाई हणमंताकडून कळावं? तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही होय गं?

डिप्टीसाहेब तपासणीला येणार म्हणून पंधरा दिवस आधी तू उत्तरं पाठ करून घ्यायला लावलीस. वसंतात मंद वारा वाहतो, आकाश निरभ्र असतं, कोकिळा गाते. मी तेव्हाच म्हटलं, बाई, पोरं पाच-सहा वर्षांची असली तरी त्यांना डोळे आहेत. मी त्यांना रोज ओसरीवर उभं करून आभाळ दाखवत होते. सकाळपासून ऊन, दुपारी घामाच्या धारा, चारच्या सुमाराला पश्चिमेकडून काळे ढग, लाल मातीची वावटळ आणि मग गारांसकट धो धो वळीव. मागच्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या मीठ लावून खाल्ल्या आम्ही. तुझ्या सरस्वतीनं सगळ्यांत जास्त खाल्ल्या. तू त्याला हुंदडणं म्हणालीस.

तपासणीला साहेबांनी वसंताचं विचारलं, आणि सगळ्यांआधी उठली ती तुझीच लेक. "गारा पडतात!" वर्गानं "हौद री, हौद!" म्हणून कानडीत हो-हो करत एकच गिल्ला केला. साहेब हसले. हसले गं, रागावले नाहीत! पण तुझं नाक कापलं गेलं ना! सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत दिलीस, वसंतात गारा पडत नाहीत असं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंस, आणि हे खूळ गोदूबाईंचं, असं साहेबांना सांगून मोकळी झालीस. जळ्ळं मेलं ते हेडबाईपण!

बदली रद्द कर म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या हाताखाली राहण्यापेक्षा अळणावरचे डास बरे. पण काल चार वाजता गारा पडल्या. तुझ्या खोलीच्या कौलांवरही वाजल्या असतील, तू दार लावून घेतलंस. सगळ्या पोरी परकराच्या ओच्यात गारा वेचत होत्या आणि सरस्वती ओसरीच्या खांबाला चिकटून उभी. मी एक बोराएवढी गार तिच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, काय गं हे? हात गारठून लाल झाला तरी तिनं ती टाकली नाही. तुझ्या बंद दाराकडे बघत म्हणाली, "काही नाही, बाई." आज घरी गेलीस की तिला जवळ घे आणि 'तू बरोबर होतीस' एवढं तिला सांग. माझी माफी नाही मागितलीस तरी चालेल.

तुझीच (हेही सवयीनं),
गोदू