तुमचं इंजिन मी घासून काढलं

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. बेचाळीस वर्षांत तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्हीच दचकाल! घरात म्हणायचे तेच बरं.

काल अकोल्याला नामदेवकाकांकडे जाऊन आले. तुमचं इंजिन घेऊन. म्हणून आज लिहायला बसले. एक गोष्ट चार महिने तुमच्या फोटोसमोर उभी राहूनही तोंडातून निघाली नाही, ती आज सांगून टाकते. रागवायचं तर रागवा. तुम्ही रागावलात तर उलट बरंच वाटेल मला.

खंडेनवमीला मी तुमचं इंजिन धुतलं. चिंच लावून, अंगणातल्या नळाखाली.

ऐकलंत ना? आता पुढचं ऐका.

ते खोकं आलं तो दिवस आठवतो तुम्हाला? तुमच्या भाच्याने विलायतेहून पाठवलेलं. आत हातभर लांबीचं वाफेचं इंजिन, रस्त्यावरून चालणारं, मोठ्या चाकांचं. हिरवागार रंग, लाल चाकं, पितळेच्या पट्ट्या. मी म्हटलं, हॉलमधल्या शोकेसमध्ये काय शोभेल! तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते चहूबाजूंनी पाहिलंत आणि म्हणालात, "हे बाबाचं इंजिन नाई." झालं. रेल्वेतून रिटायर झालेल्या फिटरच्या हातात पाना आला की काय होतं ते मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या जेवणाच्या टेबलावर त्याचे स्क्रू न् स्क्रू वेगळे.

तुमचे बाबा अकोल्याच्या जिनात इंजिन चालवायचे. कापसातून सरकी काढणारी सगळी यंत्रं त्या एका इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायची. ते स्वतःच्या वाफेवर रस्त्याने चालत जिनात आलं म्हणे, आणि मग तिथलंच झालं. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिन भंगारात गेलं. बाबाही गेले. फोटो एकही नाही, तुम्हीही ते नुसतं ऐकलेलं. ते इंजिन पाहिलेलं, त्याच्या भट्टीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, टाकलेलं एकच माणूस उरलं होतं, नामदेवकाका. त्यांनी एकदा "हेच ते" म्हणावं, एवढंच तुम्हाला हवं होतं. सगळ्या खटाटोपाचं मूळ तेवढंच.

काय काय केलंत त्यासाठी! वरचं नक्षीदार छप्पर काढून टाकलंत आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नवं बसवलंत. कोळशाच्या जागी खराट्याच्या काड्यांच्या इवल्याशा मोळ्या, पऱ्हाट्या म्हणून. चाकावर चढवायला पट्टा हवा होता, तर माझ्या पर्सचा कापलात. तोही न विचारता! ती पर्स चांगली होती हो. तुम्हाला ती जुनी वाटली, एवढंच.

आणि मग सुरू झालं ते इंजिन जुनं करणं. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्यात आणि त्यांवर तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्यात. 'तवा' म्हणजे तव्याखालची काजळी. 'वीट'. 'दर्यापूर' म्हणजे आपल्या वावरातली काळी माती, फडक्यातून गाळलेली. 'गंज' म्हणजे न्हाणीच्या जुन्या पत्र्याचा खरवडलेला. ग्रीसच्या ठिपक्यावर कापसाचा तंतू चिमट्याने चिकटवायचात आणि श्वास रोखून बसायचात. तो कापूस माझ्या उशीतला, हेही मला नंतर कळलं.

एकदा मी चिडले. म्हटलं, जन्मभर मी या घरातली घाण काढली आणि तुम्ही माझ्याच टेबलावर बसून चिमट्याने घाण लावता! तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घाण नाई वं हे. कामाचा मळ हाय." मी पोळ्या लाटायला निघून गेले. पण खरं सांगू? स्वयंपाकघरातून तुमची ती वाकलेली मान दिसायची आणि मला बरं वाटायचं.

तीनदा घेऊन गेलात अकोल्याला. पहिल्यांदा काका म्हणाले, "वसंता, हे तं नवरदेवावानी सजवलं बापा!" दुसऱ्यांदा म्हणाले, "गंज लय झाला. तुह्या बापानं गंजू देल्लं असतं का?" आणि तिसऱ्यांदा, "धुराडं बरोबर हाय. पन आजूक काईतरी राह्यलं." काय राहिलं ते त्यांनाही सांगता येईना. तुम्ही परत आलात तेव्हा चेहरा असा पडलेला की मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. वार्निश मारून टाका आणि मोकळे व्हा, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "काका हो म्हनतीन तवाच."

तो 'तवा' काही आला नाही. तुम्हीच अंथरुणाला खिळलात. तरी उशाला टेकून बसलात की इंजिन मांडीवर हवंच. तासन्‌तास वाफेच्या दांड्यावर, वाफ कमीजास्त करायच्या त्या पितळी मुठीवर, अंगठा फिरवत राहायचात. मला वाटायचं, दुखणाइताचा चाळा. किती वेळा ओरडले मी, "पुरे आता, ठेवा ते बाजूला!" तुम्ही हसायचात आणि पुन्हा अंगठा तिथेच.

मग चैत्रात तुम्ही गेलात.

खंडेनवमी आली. दरवर्षी तुमचे पाने-पक्कड घासलेटने पुसून पाटावर मांडायचे, त्यांना हळदकुंकू. इंजिन कधी त्या पाटावर बसलं नव्हतं. अर्धवट वस्तूची पूजा करत नाहीत म्हणायचात. मी ठरवलं, यंदा ते बसेल. तुम्ही असताना झालं नाही, निदान आता त्याचा मान त्याला मिळू दे.

काढून पाहिलं, तर सहा महिन्यांची धूळ. आता त्यातली तुमची धूळ कुठली आणि घराची कुठली, ते मला कसं कळावं? ओल्या फडक्याने हलकेच पुसायला लागले. एके ठिकाणी पितळेवर हिरवा डाग दिसला. चिंच भिजवलेलीच होती, समई आणि ताम्हण घासायला. बोटभर लावली. मग शेजारी लावली. बेचाळीस वर्षं पितळ घासणाऱ्या बाईचा हात आहे हो, एकदा सुटला की सुटला. तोंडाने आरती पुटपुटत होते मी! भान आलं तेव्हा नळाखाली काळं पाणी वाहून गेलं होतं. हातात हिरवंगार, लखलखीत इंजिन होतं. खोक्यातून काढलं तेव्हाचं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. तुम्ही गेलात त्या दिवशी माणसं होती, चहापाणी होतं, रडायलाही उसंत नव्हती. त्या सकाळी मात्र कोणी नव्हतं. तुमच्या हातचं शेवटचं काम मी स्वतःच्या हाताने गटारात घालवलं होतं. पोटभर रडले.

पूजा केली नाही. इंजिन तुमच्या लुंगीत गुंडाळून कपाटात ठेवलं. दिवाळी गेली आणि एक दिवस मीच बाटल्या काढल्या.

हसू नका. पहिल्या खेपेला काजळी इतकी फासली की इंजिन चुलीतून काढल्यासारखं दिसायला लागलं. पुसलं, पुन्हा लावलं. मग तुमची वही सापडली. 'आधी माती, मग काजळी. पाऊस जिथून ओघळतो तिथेच गंज.' शाळेत शिकवणारी मास्तरीण मी, आणि धडा तुमचा! पोरीने पुण्याहून फोन केला की विचारायची, "आई, काय करतेस?" मी म्हणायचे, "घाण लावतेय." तिला वाटलं असेल, आईचं काही खरं नाही. पण अहो, त्या टेबलाशी मान वाकवून बसले की तुम्ही शेजारच्या खुर्चीत असल्यासारखं वाटायचं. काम संपू नये असं वाटायचं. संपलं.

काल बडनेऱ्याहून पॅसेंजरने निघाले, टोपली मांडीवर घेऊन. नामदेवकाकांची दृष्टी आता पार गेली आहे. खाटेवर बसले होते. मी पाया पडले, सगळं सांगितलं, चिंचेचंसुद्धा. ते म्हणाले, "रडू नको सूनबाई. डोये गेले माहे, पन आन इकडं."

मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागले. चाकावरून, पत्र्यावरून, धुराड्यावरून. बोटं नाकाशी नेली. "तव्याची काजई. बरोबर. माती बरोबर. पट्टा बरोबर." माझा जीव कानात आला होता. मग त्यांची बोटं वाफेच्या दांड्यावर आली आणि थांबली.

"हे कोनं चालवलंच नाई," ते म्हणाले.

"म्हणजे काय काका?"

"सारं इंजिन कायंकुट्ट राहे आमचं. पन हा दांडा सोन्यावानी चमके. तुह्या सासऱ्याचा हात उठेच ना त्याच्यावरून. हा तं खरखरा लागून राह्यला. हात कुठी हाय याच्यावर?" दांड्यावरून पुन्हा बोट फिरवून म्हणाले, "वसंता आनत जाये तवा मी निरा डोयानं पाहो, म्हनून ध्यानात नाई आलं. आज हात लावला तं समजलं."

मी इंजिन टोपलीत ठेवलं. चहा प्याले. स्टेशनवर आले, गाडीत बसले. मूर्तिजापूर गेल्यावर एकदम उमगलं आणि डब्यातल्या चार माणसांसमोर मी तोंडाला पदर लावला.

तुमचा अंगठा!

तुम्हाला सापडलं होतं ना? काकांना जे सांगता आलं नाही, ते तुम्ही अंथरुणात बसून शोधून काढलंत आणि करत होतात. मी त्याला चाळा म्हणत होते! आणि नवमीला सगळंच चकाकवलं, त्यात तुम्ही आणलेली ती एवढीशी चमक हरवली. नंतर मीच तिच्यावर काजळीही फासली. का सांगितलं नाहीत मला? एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी ओरडले असते का हो? इतकं कसलं ते मुकाट काम करणं!

घरी आले आणि दिवा लावायच्या आधी घरभर पाहत फिरले. तुमच्या खुर्चीचा उजवा हात गुळगुळीत झालाय, डावा नाही. कपाटाच्या मुठीचा रंग एकाच बाजूने उडालाय. तुमचं बोट जिथे यायचं तिथे भोकं पाडायच्या गिरमिटाचं लाकूड खोलगट झालंय. हे सगळं रोज पुसत होते मी आणि एकदाही पाहिलं नव्हतं. तुम्ही फार आठवता हो. आज फार आठवता.

पॉलिश पेपर आहे घरात. दांडा दोन मिनिटांत चमकवता येईल. काकांना फरकही कळणार नाही कदाचित. पण तुम्हाला कळेल.

तेव्हा कबूल करते ते असं. रोज संध्याकाळी चहा झाला की तुमच्या खुर्चीत बसेन, इंजिन मांडीवर घेईन आणि अंगठा फिरवेन. जितके महिने लागतील तितके लागोत. चमक आली की काकांकडे नेईन. ते म्हणाले आहेत, "मी राह्यलो तं हो म्हनीन, नाई राह्यलो तं तू म्हन." वार्निश त्यानंतरच. यंदाच्या नवमीला ते पाटावर बसेल, बोटभर हळदकुंकू लावेन, आणि पाण्याचा थेंबही त्याच्या जवळ नेणार नाही. खुर्चीच्या त्या हातालाही नवा रंग देऊ देणार नाही, पोरगी काहीही म्हणो.

आज पहिला दिवस झाला. अंगठा काळा झालाय आणि तसाच घेऊन लिहायला बसले. सहीपाशी डाग पडलाय बघा. पुसत नाही.

तुमचीच,
कुंदा